मणक्याची गादी : रिपोर्टआधी पाय तपासा

अमेरिकेतल्या एका ६३ वर्षांच्या बाईंच्या कमरेचा एमआरआय तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला गेला. कंबर तीच, पायात उतरणारी कळ तीच. बदलत होते ते फक्त यंत्र आणि रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर. दहा रिपोर्टांत मिळून ४९ निरनिराळे दोष नोंदले गेले. त्यांतला एकही दोष दहाच्या दहा रिपोर्टांत नव्हता आणि सुमारे एक तृतीयांश दोष एकेकाच रिपोर्टात होते. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मात्र असा एकच रिपोर्ट हातात पडला की घर हादरते. ‘एल-४, एल-५ला गादी सरकलीय, नस दबलीय’ एवढे ऐकून माणूस वाकायचे सोडतो, नातवाला उचलायचे सोडतो. मग कोणी त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेतो, तर कोणी धास्तीने वर्षभर पट्टा बांधून बसतो.

गादीच्या दुखण्यात निर्णय घेताना आधी तीन गोष्टी पाहाव्यात. दुखणे पायात कुठपर्यंत उतरते, पायातली ताकद शाबूत आहे का, आणि हे सुरू होऊन किती आठवडे झाले. एमआरआय त्यानंतर येतो आणि या तिन्हींशी जुळला तरच त्याला किंमत. हे लक्षात असलेला रुग्ण डॉक्टरांसमोर वेगळ्या आत्मविश्वासाने बसतो. म्हणून हे जरा सविस्तर समजून घेऊ.

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते : बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत पाणीदार मऊ गर. मोठेपणी या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आपण चालतो, वाकतो, वळतो तेव्हा तिच्यावरचा दाब कमीजास्त होतो आणि शेजारच्या हाडांतून पोषण झिरपत तिच्यापर्यंत पोचते. त्यामुळे तिची झीज भरून यायला वेळ लागतो, आणि अंथरुणाला खिळून राहणे तिच्या फायद्याचे नसते. वयाबरोबर गर सुकतो, गादी चपटी होते, तिचा काठ थोडा बाहेर फुगतो. रिपोर्टात ‘बल्ज’ लिहिलेले असते ते बहुतेक वेळा हेच. कडीला चीर पडून गर बाहेर डोकावला तर ‘प्रोट्रूजन’ किंवा ‘एक्स्ट्रूजन’, आणि त्याचा तुकडा तुटून वेगळा पडला तर ‘सिक्वेस्ट्रेशन’. बाहेर आलेला गर शेजारच्या नसेवर दाबही देतो आणि रासायनिक दाह होऊन ती नस सुजतेही. लहानशा तुकड्याने असह्य कळ येणे आणि मोठ्या तुकड्याने फारसे काही न होणे, हे दोन्ही शक्य असते त्याचे हे एक कारण.

आता निरोगी माणसांचे पाहा. ज्यांना कंबरदुखी नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून केलेला एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली होती. पन्नाशीत हे प्रमाण ६० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. ‘डिजनरेशन’ म्हणजे झीज तर पन्नाशीत ८० टक्के लोकांत दिसत होती. यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती. केस पिकावेत तशी गादीही पिकते. पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या रिपोर्टात दोन ठिकाणी बल्ज आणि तीन ठिकाणी झीज लिहिलेली असेल, तर त्याच्या दुखण्याचे कारण सापडले असे एवढ्यावरून म्हणता येत नाही.

मग कारण गादी आहे हे कळते कसे? पायावरून. कमरेच्या गाद्यांतला गर बाहेर येण्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रसंग सर्वांत खालच्या दोन ठिकाणी, म्हणजे एल-४/एल-५ आणि एल-५/एस-१ इथे घडतात. तिथून निघणाऱ्या नसा थेट पावलापर्यंत जातात. त्यामुळे नस खरोखर पकडली गेली असेल तर कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ गुडघ्याच्या खाली उतरते आणि खोकला-शिंक आली की वीज चमकावी तशी पावलापर्यंत जाते. यालाच आपण सायटिका म्हणतो. एल-५ची नस असेल तर कळ आणि मुंग्या नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वर, अंगठ्याकडे जातात. एस-१ असेल तर पोटरीच्या मागून टाचेकडे आणि करंगळीकडे. कंबरेतच राहणारे, फार तर कुल्ल्यापर्यंत पसरणारे आणि वाकल्या-वळल्यावर बदलणारे दुखणे बहुधा स्नायू, सांधे आणि गाद्या यांचे मिळून असते. त्यात ऑपरेशनचा प्रश्न सहसा येतच नाही.

घरच्या घरी तीन गोष्टी तपासता येतात. उताणे झोपा आणि दुसऱ्या कोणाला तरी तुमचा दुखरा पाय गुडघा न वाकवता टाचेला धरून हळूहळू वर उचलायला सांगा. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली जाणारी तीच ओळखीची कळ आली तर नस ताणली जात आहे. नुसती मांडीमागची शीर ओढली जाणे यात धरायचे नाही. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर गादीचा संशय आणखी पक्का होतो. दुसरे, भिंतीचा आधार जवळ ठेवून टाचांवर दहा पावले चाला. एका पायाचा चवडा वर राहत नसेल तर एल-५च्या नसेची ताकद कमी झाली आहे. तिसरे, एका पायावर उभे राहून टाच उचला, दहा वेळा, आधी एक पाय मग दुसरा. एका बाजूची टाच तिसऱ्या-चौथ्या वेळी उचलेनाशी झाली तर एस-१कडे पाहायला हवे. आपल्याकडे आणखी एक खूण सहज दिसते : चालताना एका पायातली चप्पल निसटते आणि ती निसटल्याचे कळतही नाही. ही खूण थकव्यावर ढकलू नका, डॉक्टरांना आवर्जून सांगा. मधुमेह असलेल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे : दोन्ही तळपायांची सारखीच आग होत असेल तर कारण गादीपेक्षा साखरेत असण्याची शक्यता जास्त.

काही वेळा थांबायचे नसते. लघवी भरल्याची जाणीव होते पण होत नाही, किंवा होते तरी कळत नाही. शौचावरचा ताबा जातो. सायकलच्या सीटवर टेकतो तो सगळा भाग बधिर होतो, धुताना आपला हात तिथे लागल्याचे जाणवत नाही. दोन्ही पायांत एकदम कमजोरी येते. गादीच्या मोठ्या तुकड्याने खालच्या नसांचा सगळा जुडगाच दाबला गेल्याची ही लक्षणे आहेत. इथे हिशेब तासांचा असतो. एक-दोन दिवसांत दाब मोकळा झाला नाही तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन सकाळची वाट पाहू नका. एमआरआय आणि मणक्याचे किंवा मेंदूचे सर्जन दोन्ही आहेत अशा रुग्णालयात रात्रीच जा आणि पहिल्याच वाक्यात ‘लघवी अडली आहे, खालचा भाग बधिर आहे’ असे सांगा. वयस्क पुरुषांत हे प्रोस्टेटवर ढकलले जाते आणि स्त्रिया संकोचाने बोलतच नाहीत. घरच्यांनी स्पष्ट विचारले पाहिजे.

दुसरी काळजी आपल्या देशात विशेष घ्यावी लागते, ती मणक्याच्या क्षयाची. संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरणे, भूक मंदावणे, आणि झोपल्यावरही न थांबता रात्री वाढणारी कंबरदुखी अशी जोडी जमली तर ‘गादी’ म्हणून मालिश आणि स्टेरॉइडची इंजेक्शने घेत महिने घालवू नका. हा आजार औषधांनी बरा होतो आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ती औषधे मोफत मिळतात. उशीर झाला तर मात्र मणका खचून पाय जाऊ शकतात. पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरीही लवकर तपासणी हवी. आणि साठीच्या पुढच्या आईला एसटीच्या मागच्या सीटवर खड्ड्यात आदळल्यापासून कंबर धरली असेल, तर आधी साधा एक्स-रे काढा. ठिसूळ झालेला मणका इतक्या धक्क्यानेही चेपतो.

यांपैकी काही नसेल तर वेळ तुमच्या बाजूने आहे, आणि मला या लेखात सर्वांत ठासून सांगायचे आहे ते हेच. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो. संरक्षक पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि तो हळूहळू शोषून घेतला जातो. ऑपरेशन न केलेल्या रुग्णांच्या जुन्या आणि नंतरच्या तपासण्यांचा २०१५ सालचा एक आढावा सांगतो की तुटून वेगळा पडलेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत आक्रसला, एक्स्ट्रूजन ७० टक्क्यांत, प्रोट्रूजन ४१ टक्क्यांत, आणि नुसता बल्ज जेमतेम १३ टक्क्यांत. रिपोर्टात जो शब्द सर्वांत भयंकर वाटतो, तोच दोष आपणहून विरघळण्याची शक्यता सर्वांत जास्त. ‘मोठा तुकडा आहे, कापावाच लागेल’ असे केवळ चित्राकडे बोट दाखवून कोणी सांगितले तर हे आकडे आठवा.

पहिले सहा आठवडे काय करायचे? पडून राहायचे नाही. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे झोपवून ठेवले, बाकीच्यांना जमेल तसे वावरू दिले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८७ टक्के सुधारलेले होते. झोपून काहीच पदरात पडले नाही. पहिले एक-दोन दिवस कळ असह्य असेल तेव्हा कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडावे. नंतर दर अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात, सोसेल तितके चालावे. थोडी कळ आली म्हणजे काही फाटले असे नाही. मात्र चालल्याने कळ खाली-खाली, पावलाकडे सरकू लागली तर तेवढे कमी करावे. पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर कंबर जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण आहे. फिजिओथेरपिस्टही याच खुणेवरून व्यायाम निवडतात. कोणाला पालथे झोपून छाती उचलण्याने बरे वाटते, कोणाला गुडघे पोटाशी घेऊन. शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायाम मोबाइलवर पाहून करू नका.

खाली मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, देशी संडास, वाकून केर काढणे, हे सगळे आपल्या घरांत रोजचे आहे. कायमचे सोडायची गरज नाही. कळ ओसरेपर्यंत संडासात खुर्ची ठेवावी, केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू घ्यावा, पाण्याची कळशी अर्धीच भरावी. भातलावणीच्या दिवसांत दुखणे उपटले तर त्या हंगामात तरी दिवसभर वाकण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे लागेल. हे घरातल्यांनी समजून घेतले नाही तर औषध कितीही चांगले असून उपयोग नाही. दुचाकीवर खड्ड्यांतून रोज तास-दीड तास जाणाऱ्यांनी महिनाभर बस-रेल्वेचा पर्याय पाहावा. आणि पलंगावरची गादी काढून लाकडी फळी टाकण्याचा सल्ला आता मागे सोडायला हवा. स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरच्या २००३ सालच्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला.

औषधांबद्दल स्पष्ट बोलतो. सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर, ठीक. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास किंवा जठरातला व्रण असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय एकही नको, आणि दुकानातून परस्पर महिनाभर तर मुळीच नको. ‘नसेची गोळी’ म्हणून प्रीगॅबालिन सर्रास लिहून दिली जाते. सायटिकाच्या २०९ रुग्णांवरच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (२०१७) पायाची कळ कमी करण्यात ती बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त लोकांना आली. चालू असेल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून कमी करत न्या. कमरेचा पट्टा आणि ‘वजन लावणे’ या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शिकेने जुन्या कंबरदुखीसाठी केलेली नाही. प्रवासात तासभर पट्ट्याने धीर येत असेल तर बांधा. महिनोन्महिने बांधून स्नायू दुबळे करू नका. शेक, हलके मालिश, कटिबस्ती यांनी आराम वाटत असेल तर हरकत नाही. पण पायात बधिरपणा किंवा कमजोरी असताना कोणाकडूनही कंबर झटक्याने मोडून घेऊ नका, तो हाडवैद्य असो की पदवीधर. तंबाखू आणि सिगारेट सुटली तर उत्तम; गादीचे आधीच तोकडे असलेले पोषण त्यांनी आणखी आटते.

मणक्यात दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन हा मधला टप्पा. त्याने काही आठवडे कळ ओसरू शकते आणि तेवढ्यात निसर्गाला वेळ मिळतो. वर्षभरानंतरच्या स्थितीत त्याने मोठा फरक पडत नाही. झोपही लागत नाही अशी कळ असेल तर ते घ्यायला हरकत नाही, मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर तपासत राहावे.

आता ऑपरेशन. त्याची अकारण भीतीही नको आणि घाईही नको. नेदरलँड्समध्येच ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेले २८३ रुग्ण दोन गटांत विभागले होते : एका गटाचे ऑपरेशन लवकर, दुसऱ्याचे थांबून, गरज पडली तर. लवकर ऑपरेशन झालेल्यांना बरे वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. वर्षानंतर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावेच लागले, हेही तितकेच महत्त्वाचे. म्हणजे ऑपरेशनने आराम लवकर मिळतो. न करणाऱ्याचा पाय वर्षभरात कामातून जात नाही. दुसरीकडे, चार महिने ते वर्षभर कळ सोसणाऱ्या १२८ रुग्णांवर कॅनडात अभ्यास झाला. दहापैकी आठच्या आसपास असलेली पायाची कळ सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात तीनच्या खाली आली, इतरांत पाचच्या वर राहिली. तेव्हा चार-सहा महिने सगळे करून पाहिल्यावरही पाय ठणकत असेल, तर ‘मणक्याचे ऑपरेशन केले की माणूस अंथरुणाला खिळतो’ या ऐकीव भीतीने आणखी वर्ष काढणे शहाणपणाचे नाही. रिक्षा चालवून घर चालवणाऱ्याने आठव्या आठवड्यात ऑपरेशन निवडले आणि निवृत्त शिक्षकाने थांबायचे ठरवले, तर माझ्या मते दोघांचेही बरोबर आहे.

एमआरआयची वेळ हीच : ऑपरेशन किंवा इंजेक्शनचा विचार सुरू झाला किंवा धोक्याची लक्षणे दिसली तर. पायाची ताकद दिवसागणिक घटत असेल तर मात्र सहा आठवड्यांची वाट पाहायची नसते.

सर्जनकडे जाताना प्रश्न लिहून न्या. माझी कळ ज्या नसेची आहे, त्याच बाजूला आणि त्याच पातळीवर एमआरआयमध्ये तुकडा दिसतो का? ऑपरेशनने पायाची कळ जाईल की कंबरदुखी? प्रामाणिक उत्तर बहुधा असे असते की पायाची जाईल, कंबरेची खात्री नाही. नुसता तुकडा काढणार की स्क्रू-सळ्या घालून मणके जोडणार? साध्या गादीच्या पहिल्या ऑपरेशनला मणके जोडण्याची गरज सहसा नसते. मणका सरकलेला किंवा अस्थिर असेल तर असते, आणि तसे असेल तर वाकून-ताठ होऊन काढलेल्या एक्स-रेमध्ये ते तुम्हाला दाखवता आले पाहिजे. दुर्बिणीतून की सूक्ष्मदर्शकाखाली, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. सर्जनचा हात ज्यात बसलेला आहे ते चांगले. दुसरे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीने डॉक्टरांना बंधनकारक केले आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. आपल्याला सांगितलेले ऑपरेशन योजनेत बसते का, हे तारीख घेण्याआधी त्यांच्याकडून तपासून घ्या.

नुसता तुकडा काढला असेल तर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. कळ आधी जाते, बधिरपणा महिनोन्महिने रेंगाळू शकतो आणि ताकद सर्वांत सावकाश येते. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात अंगठा वर उचलला जात नाही म्हणून ऑपरेशन फसले असे समजू नका. त्याच जागी पुन्हा गर बाहेर येण्याची शक्यता साधारण ५ ते १५ टक्के असते. एमआरआयची जुनी फिल्म किंवा सीडी आणि ऑपरेशनची नोंद जपून ठेवा. पाय पुन्हा दुखू लागला तर नवा एमआरआय डाय देऊन करायचा का, ते डॉक्टरांना विचारा. ऑपरेशनचा व्रण आणि नव्याने आलेला गर यांतला फरक त्याने ओळखता येतो आणि पुढचा उपचार त्यावरच ठरतो.